मंदीतील दुकानाचा माल: नफा नगावर की फेऱ्यांवर?

मोटारगाड्यांचा खप मंदावला की कार अ‍ॅक्सेसरीजच्या व्यापारात दोन सल्ले हमखास ऐकू येतात. ग्राहकाचा हात आखडला असल्याने स्वस्त माल भरावा, हा पहिला. गिऱ्हाईकच कमी येत असल्याने नगामागे घसघशीत नफा देणारा भारी माल ठेवावा, हा दुसरा. वरवर परस्परविरोधी वाटणारे हे सल्ले एकाच गृहीतकावर उभे आहेत, ते म्हणजे माल किमतीवरून निवडायचा असतो. हे गृहीतक मंदीत टिकत नाही, कारण त्या काळी दुकानदाराला खरी टंचाई भासते ती मोकळ्या भांडवलाची, आणि म्हणून मालात घातलेला पैसा वर्षातून किती वेळा सुटतो, हीच निवडीची पहिली कसोटी ठरते.

२०१९ सालची मंदी या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. २०१८ च्या उत्तरार्धात आयएल अँड एफएस या वित्तसमूहाच्या थकबाकीनंतर बिगरबँक वित्तसंस्थांची कर्जे आटली, नव्या गाडीसाठी तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम भरणे सक्तीचे झाले आणि एप्रिल २०२० पासून लागू होणाऱ्या बीएस-६ उत्सर्जन निकषांमुळे अनेकांनी खरेदी लांबवली. परिणामी प्रवासी वाहनांची देशांतर्गत विक्री २०१८-१९ मधील सुमारे ३३.७७ लाखांवरून पुढील वर्षी सुमारे २७.७ लाखांवर, म्हणजे जवळपास १८ टक्क्यांनी खाली आली. मात्र ज्याने नवी गाडी घेणे लांबवले, त्याने जुनी गाडी चालवणे थांबवले नाही. तिच्या वायपरचे रबर, दिव्याचे बल्ब आणि पायाखालच्या मॅट झिजतच राहिल्या. नव्या गाडीबरोबर होणारी सजावटीची खरेदी मंदीत घटते, तर देखभालीची गरज गाडीच्या वयाबरोबर वाढते.

आता पहिल्या सल्ल्याचा विचार करू. स्वस्त मालाची खरी किंमत विक्रीनंतर कळते. निकृष्ट वायपर पहिल्याच जोरदार पावसात काचेवर रेघा ओढू लागतो, ग्राहक तो परत आणतो आणि बदलून दिलेला एक नग आधी विकलेल्या कित्येक नगांचा नफा खाऊन टाकतो. एच-४ प्रकारच्या हेडलाइट बल्बची नेहमीची क्षमता ६०/५५ वॅट असते. त्या जागी स्वस्तात मिळणारा १००/९० वॅटचा बल्ब वेगळे वायरिंग व रिले न जोडता बसवला, तर होल्डर वितळण्याचा धोका संभवतो. अशा तक्रारींची भरपाई किरकोळ नफ्यातून होत नाही.

दुसऱ्या सल्ल्याची परीक्षा साध्या हिशेबाने होते. समजा, दहा हजार रुपयांना घेतलेला टचस्क्रीन स्टिरिओ तेरा हजारांना विकला जातो, पण तसा एक नग खपायला चार महिने लागतात; मग वर्षात त्या दहा हजारांच्या तीन फेऱ्या होऊन ठोक नफा नऊ हजार होतो. तेच दहा हजार वायपर, बल्ब व मॅट यांत घालून खरेदीवर केवळ वीस टक्के नफा घेतला आणि माल दीड महिन्यात फिरला, तर आठ फेऱ्यांत सोळा हजार हाती येतात. मालात गुंतलेल्या रुपयामागे वर्षाकाठी मिळणाऱ्या अशा नफ्याला मालसाठ्यावरील परतावा म्हणतात. शिवाय अनेक गाड्यांत स्टिरिओ कारखान्यातूनच बसून येतो, त्यामुळे पडून राहिलेला नग वर्षभरात जुनाट ठरतो.

यावर आक्षेप येईल, की मग सगळे भांडवल वायपरमध्येच का घालू नये? याचे उत्तर असे, की परिसरातील मागणी मर्यादित असल्याने साठा दुप्पट केला की फेऱ्या निम्म्यावर येतात. म्हणून घाऊक व्यापाऱ्याकडून पुढचा माल येईपर्यंत पुरेल तेवढाच साठा, थोड्या राखीव नगांसह, योग्य ठरतो. जुन्या गाडीवर कोण खर्च करणार, चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला कशाला, हा दुसरा आक्षेप सजावटीला लागू पडतो. बंद पडलेला वायपर मात्र बदलावाच लागतो.

या विवेचनातून निवडीचा क्रम सिद्ध होतो. झिजणारा आणि अनेक मॉडेलांना चालणारा माल काउंटरवर हवा: काही ठरावीक इंचांचे वायपर, प्रचलित बल्ब, मड फ्लॅप, पॉलिश; त्यातही महाराष्ट्रात वायपर आणि मॅट मे महिन्यातच भराव्यात. एकाच मॉडेलला बसणारी सीट कव्हरे आणि भारी स्टिरिओ यांचे नमुने तेवढे मांडावेत व आगाऊ रक्कम घेऊन ते मागणीनुसार आणावेत. मुंबईच्या दुकानदाराला गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार असलेला कुर्ल्याचा सीएसटी रोड जवळ असताना स्वतःच्या फळीवर गोदाम उभारण्याचे कारण नाही. फिटिंगच्या मजुरीत माल गुंतत नाही, म्हणून ती वेगळी आकारावी. कायद्याच्या कचाट्यात सापडणारा माल मात्र टाळलेलाच बरा: काचांवरील काळ्या फिल्मवर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि बंपरवरील क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करण्यास केंद्राने २०१७ च्या अखेरीस राज्यांना कळवले, तेव्हा ज्यांच्याकडे साठा होता त्यांचे भांडवल त्यातच अडकले.

तात्पर्य, स्वस्त की महाग हा प्रश्नच मंदीत गौण ठरतो. प्रत्येक वस्तूपुढे खरेदीची तारीख लिहून ठेवणारा आणि तीन महिने न हललेला माल पडत्या भावाने का होईना, पण काढून टाकणारा दुकानदार भांडवल मोकळे ठेवतो, आणि मंदीत दुकान तगते ते मोकळ्या भांडवलावर.