दिल्लीचा ओला कचरा आणि अळ्यांपासूनची प्रथिने

राजधानी दिल्लीत दररोज सुमारे ११ हजार टन घनकचरा गोळा होतो. त्यातील जवळपास निम्मा भाग भाजीपाला, फळांच्या साली, उरलेले अन्न अशा कुजणाऱ्या पदार्थांचा असतो. हा ओला कचरा कीटकांना खाऊ घालून त्यांच्यापासून पशुखाद्यासाठी प्रथिने मिळवण्याचा पर्याय आता भारतातही विचारात घेतला जात आहे. मात्र त्याचे यश कीटकांपेक्षा कचरा गोळा करण्याच्या पद्धतीवर अधिक अवलंबून आहे.

प्रश्नाची निकड स्पष्ट आहे. गाझीपूरच्या कचराभूमीचा वापर १९८४ मध्ये सुरू झाला आणि २००२ मध्येच तिची क्षमता संपली. तरीही तेथे कचरा पडत राहिला. १ सप्टेंबर २०१७ रोजी या ढिगाऱ्याचा काही भाग कोसळून दोघांचा मृत्यू झाला. एप्रिल २०२२ मध्ये भलस्वा येथील, तर एप्रिल २०२४ मध्ये गाझीपूर येथील ढिगाऱ्याला मोठी आग लागली. ढिगाऱ्यात दबलेला ओला कचरा हवेअभावी कुजतो आणि त्यातून ज्वलनशील मिथेन वायू बाहेर पडतो. गुरुग्राम आणि फरीदाबाद या शहरांचा कचरा साठवणाऱ्या, अरवलीच्या डोंगरातील बंधवाडीची स्थितीही फारशी निराळी नाही.

या कामासाठी जगभर प्रामुख्याने काळी सैनिक माशी पाळली जाते. प्रौढ माशी जवळपास काहीच खात नाही. खाण्याचे काम अळीचे असते. अनुकूल तापमानात सुमारे दोन आठवड्यांत अळी पूर्ण वाढते. वाळवलेल्या अळीत साधारणतः ४० टक्के प्रथिने असतात आणि मागे उरलेला चोथा खत म्हणून वापरता येतो.

अशा प्रथिनांची गरज आहे. सोयापेंडीचे भाव भडकल्यामुळे ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने कुक्कुटखाद्यासाठी १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करण्यास परवानगी दिली. या निर्णयावर महाराष्ट्रातील सोयाबीन उत्पादकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली होती. मासे आणि कोळंबी यांच्या खाद्यातील कीटकप्रथिनांची उपयुक्तता तपासण्यासाठी, निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनावर संशोधन करणाऱ्या चेन्नई येथील केंद्रीय संस्थेने २०२४ मध्ये एका भारतीय कंपनीशी करारही केला.

तथापि अळीने जे खाल्ले, त्याचा अंश पुढे कोंबडीत, माशात आणि अखेर माणसाच्या ताटात येऊ शकतो. कॅडमियमसारखा जड धातू या अळीच्या शरीरात साचतो, असे संशोधनात आढळले आहे. म्हणूनच युरोपीय संघाने मत्स्यखाद्यात २०१७ मध्ये आणि कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात २०२१ मध्ये कीटकप्रथिनांना मुभा दिली असली, तरी त्या कीटकांना उपाहारगृहांतील उष्टे अन्न किंवा शेण खाऊ घालण्यास मनाई कायम ठेवली. कचरा जिरवणे आणि सुरक्षित खाद्य मिळवणे ही दोन उद्दिष्टे नेहमीच एकत्र साधत नाहीत, हे यावरून दिसते.

दिल्लीत ही अडचण अधिक गंभीर ठरते. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणे २०१६ च्या केंद्रीय नियमांनी बंधनकारक केले. परंतु वर्गीकरण अपुरेच राहिले. भाजीच्या देठांसोबत बॅटरी, औषधे आणि प्लास्टिक एकाच गाडीत पडत असेल, तर त्यावर वाढलेली अळी खाद्यासाठी वापरणे धोक्याचे ठरेल.

आर्थिक गणितही सोपे नाही. माशीच्या प्रजननाला ऊब आणि भरपूर प्रकाश लागतो, त्यामुळे दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत खर्च वाढणार. भुंगेऱ्यांच्या अळ्यांपासून प्रथिने बनवणारी फ्रान्समधील यिन्सेक्ट ही कंपनी मोठी गुंतवणूक मिळवूनही २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकली.

या परिस्थितीत आझादपूरसारख्या घाऊक भाजी बाजारांतील, एकाच प्रकारच्या आणि उगम ठाऊक असलेल्या कचऱ्यापासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल. जुने ढिगारे अळ्या हटवू शकणार नाहीत. त्यांत नवी भर पडणे मात्र त्या कमी करू शकतील. त्यासाठी घराघरांत आणि बाजारांत कचरा वेगळा होणे ही पहिली अट आहे.