जीपगाडीचा टप आणि घाटमाथ्याचा पाऊस

मृगाची पहिली सर लोणावळ्यास कोसळली, की आंदर, पवन आणि नाणे या तिन्ही मावळांतील गृहस्थांना घराच्या कौलांची आठवण होते. हल्ली मात्र कित्येक घरांतून आणखी एका छपराची चर्चा चालते, आणि ते छप्पर म्हणजे अंगणात उभ्या असलेल्या जीपगाडीचे. घरातील तरुणाने हौसेने उघडी गाडी घेतलेली असते. घाटमाथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडावयाचा. तेव्हा कापडी हूड काढून फायबरचा पक्का टप बसवावा, असा ठराव होतो. या ठरावास आमची मुळीच हरकत नाही. परंतु टप काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे कर्त्या माणसांनी पैसे मोजण्यापूर्वीच समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत जुन्या फोर्ड गाड्यांचा सांगाडा घेऊन त्यात जबर इंजिन बसविण्याचा छंद फार दिवसांचा आहे. अशा गाडीस तिकडे ‘हॉट रॉड’ म्हणतात. पुढे १९३२ सालच्या फोर्डच्या धर्तीवर घडविलेली फायबरची अंगे सुट्या भागांच्या संचात मिळू लागली, व हौशी लोक ती घरीच जोडू लागले. आपल्याकडे या छंदाची जागा जीपने घेतली. विलीज जीप सुट्या भागांच्या रूपाने परदेशातून येऊन मुंबईस महिंद्रांच्या कारखान्यात जोडली जाऊ लागली, ती स्वातंत्र्याच्या सुमारास. म्हणजे ही गाडी आपल्याकडे आली तीच जोडणीची गाडी म्हणून. तिचे अंग सोडविणे आणि नवे चढविणे आमच्या मिस्त्रीमंडळींना कधी परके वाटले नाही, ते यामुळेच. २०१० साली आलेली थारही कापडी हूडाची होती. कारखान्यातच बसविलेला पक्का टप तिला मिळाला तो २०२० च्या नव्या घडणीत. त्यापूर्वीच्या गाड्यांच्या मालकांना बाहेरच्या कारागिरांकडे जावे लागे, व जुन्या गाडीपुरते ते आजही लागते.

हे फायबर म्हणजे तरी काय? काच म्हटली की मावळातील वृद्धांस तळेगावचा काच कारखाना आठवतो. एकेका पैशाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसाफंडाने तो १९०८ साली काढला. तीच काच वितळवून केसाहून बारीक तंतू ओढले, त्यांची चटई साच्यात अंथरली आणि तीवर हार्डनर मिसळलेले रेझिन चोपडले, की फायबरचे अंग तयार होते. एकटा तंतू बोटाने मोडतो, पण रेझिनने बांधलेला समुदाय वर्षानुवर्षे ऊनपाऊस सोसतो. मात्र हे रेझिन दमट आणि थंड हवेत नीट आळत नाही. यास्तव टप करवून घ्यावयाचा तो चैत्रवैशाखात. आषाढ लागल्यावर घाईने घडविलेला टप पुष्कळदा चिकट किंवा पोकळ निघतो.

आता बसविण्याविषयी. जीपची चासी शिडीसारखी असून खाचखळग्यांत ती किंचित पिळते. पोलादी अंग हा पीळ सोसते. फायबर सोसत नाही, तडकते. म्हणून टप थेट पत्र्यावर न टेकविता मध्ये जाड रबराची पट्टी घालावी. भोके बोल्टांपेक्षा थोडी मोठी पाडावी, खाली रुंद वॉशर द्यावे आणि पाना बेताने फिरवावा. अतिशय आवळलेल्या बोल्टाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. भोकाच्या उघड्या कडांतून तंतू पाणी शोषून घेतात, तेव्हा त्या रेझिनने बंद कराव्या. आणि पत्र्याला पडलेल्या भोकांस रंग दिल्यावाचून बोल्ट घालू नये, नाहीतर गंज तेथूनच सुरू होतो. घराच्या छपराला जशी पागोळी, तशी टपाच्या कडेला पन्हळ असावी; पाणी नुसते अडवून भागत नाही, त्याला वाटही द्यावी लागते. मागील दाराची काच धावत्या गाडीत उघडी ठेवू नये, कारण त्या वाटेने इंजिनाचा विषारी धूर आत ओढला जातो.

इतके सगळे उत्तम साधले, तरी मुख्य गोष्ट राहतेच. टप बसला की घरातील मंडळींना गाडी एकाएकी ‘बंद मोटार’ वाटू लागते. कालपर्यंत जिच्यात आजी बसावयास तयार नव्हत्या, तिच्यात त्या नातवंडांसह खंडाळ्याचा घाट चढावयास निघतात. परंतु गाडी उलटली तर फायबरचे छप्पर डोक्यावरील भार पेलत नाही. ते काम चासीशी वा तिच्या भक्कम अंगाशी जखडलेल्या पोलादी रोलबारचे आणि आसनपट्ट्यांचे आहे. शिवाय टपाचे वजन गाडीच्या माथ्यावर चढते, त्यामुळे वळणावर ती अधिक झुकते. जुन्या जीपांतून मागे समोरासमोर बाके असत. तेथे पट्ट्याशिवाय मुले बसविणे हे टपाआधी जितके धोक्याचे होते, तितकेच टपानंतरही आहे. पैसे दोहोंपैकी एकासच पुरत असतील, तर आधी पट्टे व रोलबार, मग टप, असा क्रम आम्ही सुचवितो. चार महिने भिजणे परवडेल.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपुस्तकातील वर्णनाशी न जुळणारा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने ठरविलेल्या मूळ घडणीस सोडून बदल चालणार नाही, असा निर्वाळा दिला. यास्तव काम मिस्त्रीकडे सोपविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे लेखी विचारावे. ‘सगळेच बसवितात’ हे उत्तर तपासणीच्या वेळी उपयोगी पडत नाही, आणि अपघातानंतर तर मुळीच नाही.

मावळचा शेतकरी लावणीच्या चिखलात इरले घेऊन वाकतो, तेव्हा ते इरले पावसासाठीच आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. वीज कडाडली तर तो त्याच्या भरवशावर शेतात थांबत नाही. गाडीच्या टपाविषयी आमच्या वाचकांनी एवढाच विवेक राखावा.