कंपनी मागताना पारोळ्याने काय विचारावे

निवडणूक जवळ आली की पारोळ्यात एक मागणी हमखास होते: तालुक्यात एखादी मोठी कंपनी आणा. मागणी रास्त आहे. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने चाकण-रांजणगावला जाणारी आपली मुले आयटीआय किंवा बारावी करून ठेकेदाराकडे लागतात. त्यांना घराजवळ काम मिळावे, असे कोणाला वाटणार नाही? पण कंपनी एखाद्या गावात का येते आणि का उठून जाते, हे समजून न घेता जमीन देऊ केली, तर मुलेही जातील आणि जमीनही. टीव्हीच्या धंद्याकडे पाहिले की हा धोका स्पष्ट दिसतो.

टीव्हीच्या कारखान्यात बहुतेक काम जोडणीचे असते. सेटच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या पडद्याचा, आणि तो मुख्यतः चीनमधून येतो. धंद्यात त्याला ‘ओपन सेल’ म्हणतात: जेमतेम मिलिमीटरभर जाडीची काच, फोमच्या थरांत एकावर एक रचलेली. धूळ शिरणार नाही अशा खोलीत ती खोक्यातून काढतात. मागे एलईडीच्या पट्ट्या आणि प्रकाश पसरवणाऱ्या प्लास्टिकच्या शीट बसतात, मग बोर्ड, स्पीकर, स्क्रू, तपासणी, आणि सेट पुन्हा खोक्यात. ही सगळी मांडणी काही महिन्यांत दुसऱ्या देशात उभी करता येते. म्हणून कंपनी आधी पाहते ते सुट्या पडद्यावर किती आयात शुल्क आणि तयार सेटवर किती. कोणत्या देशाशी मुक्त व्यापाराचा करार आहे. बंदर किती लांब आणि बाजार किती मोठा. तयार सेटचे खोके जागा फार खाते, त्यामुळे बाजाराजवळच जोडणी परवडते. अमेरिकेसाठी सॅमसंगचा कारखाना मेक्सिकोत तिहुआनाला आणि युरोपसाठी एलजीचा पोलंडमध्ये, ते याच हिशेबाने. मजुरीचा विचार होतो, पण नंतर.

शुल्काच्या हिशेबाने कारखाना उठून जाणे आपल्याकडे दोनदा घडून गेले आहे. थायलंडशी झालेल्या करारामुळे २००४ मध्ये तिथला तयार सेट स्वस्तात आणता येऊ लागला, आणि सोनीने हरियाणातल्या धारूहेऱ्याचे टीव्ही उत्पादन बंद केले. २०१८ च्या अर्थसंकल्पात पडद्याच्या सुट्या भागांवर शुल्क बसले. सॅमसंगने चेन्नईजवळच्या कारखान्यातले टीव्हीचे काम थांबवले आणि व्हिएतनाममधून तयार सेट आणायला सुरुवात केली, कारण आग्नेय आशियाई देशांशी झालेल्या आसियान करारामुळे त्यांवर शुल्क नव्हते. जुलै २०२० मध्ये केंद्राने रंगीत टीव्हीच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हा उत्पादन परत भारतात आले. यात कामगारांच्या मेहनतीचा कुठे संबंध आला? दिल्लीतून एक अधिसूचना निघाली आणि हजारो किलोमीटरवरची पाळी बंद किंवा सुरू झाली.

बाहेरची कंपनी जाते, आपली राहते, असा समज कोणी करून घेऊ नये. संभाजीनगरजवळ (तेव्हाचे औरंगाबाद) चितेगावला व्हिडिओकॉन होती, मराठवाड्याची शान. २००५ मध्ये तिने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, आणि पुढच्या काही वर्षांत सपाट पडद्याने ती ट्यूबच बाजारातून घालवली. दूरसंचार आणि तेलाच्या धंद्यांसाठी काढलेली कर्जे वेगळीच. २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले. ज्यांनी उमेदीची वर्षे त्या शेडमध्ये घातली, त्यांचे दुःख मला कोणत्याही ताळेबंदापेक्षा मोठे वाटते.

आणि करार म्हणजे कारखाना नव्हे. ऑगस्ट २०१५ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तू जोडणाऱ्या फॉक्सकॉनने महाराष्ट्र सरकारशी पाच अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. तो कागदावरच राहिला. त्याच कंपनीने २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनला पडद्यांचा कारखाना आणि १३ हजार नोकऱ्या देऊ केल्या. तिथे घरे हटवली गेली, रस्ते रुंद झाले. २०२१ मध्ये आकडा १,४५४ नोकऱ्यांवर आला. विस्कॉन्सिनने निदान सवलती कमी करून नवा करार केला. आपण काय केले असते?

आता पारोळ्याकडे पाहू. राष्ट्रीय महामार्ग गावाला लागून आहे, हे बळ खरेच. पण तालुक्याच्या गावाला रेल्वे नाही, त्यासाठी अमळनेर गाठावे लागते. न्हावाशेवा बंदर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. संभाजीनगरकडचा कन्नड घाट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनांना बंद झाला. एलजीचा रांजणगावला कारखाना असूनही २०२५ मध्ये तिसऱ्या कारखान्याची पायाभरणी झाली ती आंध्रातल्या श्रीसिटीत, चेन्नईच्या बंदरांजवळ. या हिशेबात पारोळा बसत नाही. तरीही कोणी आलेच, तर ते मागास तालुक्यांना मिळणाऱ्या जादा सवलतींसाठी येईल, आणि सवलतीची मुदत संपली की त्याचा हिशेब बदलेल.

मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो धुळे-नरडाण्यावरून जाईल, तेव्हा जमिनीची मागणी वाढेल आणि दलालही फिरतील. पण माझे मत विचाराल तर आपल्या पैशाचा आणि आग्रहाचा पहिला हक्क कापसावरच्या प्रक्रियेचा आहे. खानदेशातून गाठी बाहेर जातात आणि कापड विकत परत येते. सूतगिरण्याही बुडतात, हे आपण पाहिले आहे. पण त्यांचा कच्चा माल दिल्लीच्या एका अधिसूचनेने व्हिएतनामला जात नाही.

कोणत्याच कंपनीला दार बंद करा, असे मी म्हणत नाही. पण सभेत मंचावरून एखाद्या मोठ्या कंपनीचे नाव घेतले गेले, तर टाळ्या वाजवण्याआधी उभे राहून विचारा: कायम नोकऱ्या किती आणि ठेकेदाराच्या किती? सुटे भाग इथे बनणार की सगळे बंदरातून येणार? ठरल्या मुदतीत कारखाना उभा राहिला नाही किंवा बंद पडला, तर जमीन मूळ शेतकऱ्याला परत मिळणार का? उत्तर तोंडी घेऊ नका. ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या, आणि मगच सातबाऱ्याला हात लावू द्या.