लॉजिकचा साऊंड 'वॉर्म' असतो म्हणे!

आमच्या आयटीत दर दुसऱ्या घरात गिटार, पेटी नाहीतर निदान एक कॅसिओ धूळ खात पडलेला असतो. मग कधीतरी हुक्की येते आणि प्रश्न येतो, "घरच्या मशीनवर गाणं रेकॉर्ड करायचंय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" मी तोंड उघडायच्या आत कँटीनमधला एक ज्ञानी पुरुष सांगून मोकळा होतो, "लॉजिक घे. साऊंडच वेगळा रे! वॉर्म!" दुसरा म्हणतो, "छे, प्रोटूल्स. इंडस्ट्री स्टँडर्ड." तिसरा काहीच बोलत नाही, गुपचूप एक लिंक पाठवतो. क्रॅकची.

तिघांनाही माझा विरोध आहे.

आधी ते 'वॉर्म' प्रकरण. अहो, आपण इंजिनिअर ना? सॉफ्टवेअरमधला मिक्सर म्हणजे बेरीज. प्रत्येक ट्रॅकच्या आकड्याला त्याच्या फेडरने गुणायचं आणि सगळं एकत्र मिळवायचं, सेकंदाला ४८,००० वेळा. दोन अधिक दोन लॉजिकमध्ये उबदार चार आणि दुसरीकडे गारढोण चार होत नाहीत. पटत नसेल तर त्याच चार वेव्ह फाइली दोन सॉफ्टवेअरमध्ये टाका, फेडर सारखे ठेवा, इफेक्ट न लावता एक्स्पोर्ट करा. मग एका फाइलची पोलॅरिटी उलटी करून ती दुसरीवर ठेवा. शांतता! उरलीच तर राउंडिंगची कुजबुज, तीही कानाला न कळणारी. फरक ऐकू आलाच तर बहुधा पॅन लॉचा असतो. काही सॉफ्टवेअर मधोमध ठेवलेला मोनो ट्रॅक ३ डेसिबलने खाली घेतात, काही घेत नाहीत. आणि जे जरा मोठ्याने वाजतं ते आपल्याला चांगलं वाटतं, एवढीच त्या वॉर्मची गोष्ट.

लॉजिक वाईट आहे असं नाही हं. पण २००२ मध्ये ॲपलने इमॅजिक ही जर्मन कंपनी विकत घेतली आणि विंडोजवरचं लॉजिक बंद केलं. म्हणजे ही बेरीज करायला आधी नवा लॅपटॉप घ्या! मॅक घरात असेलच तर गॅरेजबँड फुकट आहे आणि त्यातलं काम पुढे लॉजिकमध्ये उघडतं. आणि प्रोटूल्स 'स्टँडर्ड' आहे ते एका स्टुडिओतलं सेशन दुसऱ्या स्टुडिओत उघडावं म्हणून. आपलं सेशन हॉलमधून बेडरूममध्ये जाणार, फार तर.

आता ती लिंक. दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहून आपण होमलोनचे हप्ते भरतो, आणि दुसऱ्याचं सॉफ्टवेअर मात्र चोरून वापरतो. याची लाज वाटायला हवी, पण ती बाजूला ठेवू. माझ्या एका मित्राने २०११ मध्ये वडिलांची भजनं रेकॉर्ड केली होती, अशाच एका क्रॅकवर. वडील २०१९ ला गेले. जुनी मशीन त्याआधीच भंगारात गेलेली, नव्या विंडोजवर तो क्रॅक चालत नाही. वेव्ह फाइली आहेत, पण साडेतीनशे तुकड्यांत. कुठला तुकडा कुठल्या भजनात आणि कुठे बसतो, ते फक्त त्या प्रोजेक्ट फाइलला माहीत. आता रविवारी तो आणि त्याची आई एकेक तुकडा ऐकत बसतात. कुठलं कडवं आधी, ते काकूंना आठवतं म्हणून निभतंय.

तेव्हा माझी पहिली चाचणी एकच: हे दहा वर्षांनी उघडेल का? पैसे भरले म्हणजे उघडेलच असंही नाही. केकवॉकने सोनारवाल्यांना 'आजन्म अपडेट' विकले आणि २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये गिबसनने केकवॉकचं कामच थांबवलं (पुढे २०१८ मध्ये बँडलॅबने ते घेतलं म्हणून लोक वाचले). वेव्ह्जने मार्च २०२३ मध्ये प्लगइन विकणं बंद करून फक्त भाड्याने देणार असं जाहीर केलं, आणि लोक खवळल्यावर काही दिवसांत माघार घेतली.

म्हणून विंडोज किंवा लिनक्सवाल्यांना मी रीपर सांगतो. विनॅम्प आठवतंय? त्याच जस्टिन फ्रँकलचं. ६० दिवस फुकट वापरून बघा, पटलं तर घरगुती लायसन्स ६० डॉलर, म्हणजे पाच-साडेपाच हजार रुपये. माझ्यासाठी खरी गंमत म्हणजे त्याची प्रोजेक्ट फाइल साधं टेक्स्ट आहे. नोटपॅडमध्ये उघडते, गिटमध्ये टाकता येते! कुठली वेव्ह कितव्या सेकंदाला, सगळं वाचता येतं. दिसायला मात्र रुक्ष आहे राव, आणि सोबत तबला-बिबला काही मिळत नाही. लूप जोडून नाचायची गाणी करायची असतील तर एबलटन किंवा एफएल स्टुडिओ बघा, तिथे त्यांचा हात कोणी धरणार नाही. पण आवाज, पेटी, तबला, तानपुरा एवढ्या चार ट्रॅकला रीपर पुरून उरतं.

वाचलेले पैसे कुठे घालायचे? ऑडिओ इंटरफेसमध्ये. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो म्हणून लोक सॉफ्टवेअर बदलत बसतात, आणि दोष असतो बफरचा. ४८ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २१ मिलिसेकंद, तेही एका दिशेला. जाऊन-येऊन बेचाळीस! गाणारा लयीत राहणार कसा? बफर २५६ वर आणा, एका दिशेला पाचच उरतात. पण ते न अडखळता चालायला स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असलेला इंटरफेस लागतो, लॅपटॉपचं अंगचं साऊंडकार्ड नाही. उरलेली खोली गोधड्या टांगून शांत करा आणि कुकर लावायच्या आधी रेकॉर्ड करा.

आणि सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, गाणं झालं की प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत सलग वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवा. रीपरच्या रेंडर खिडकीत त्याला 'स्टेम्स' म्हणतात. सहा मिनिटांच्या भजनाचे चार मोनो ट्रॅक २४ बिटमध्ये साधारण २०० एमबी होतात.