कॅम्पस पाहा, पण आधी उड्डाणाचे तास मोजा

वैमानिक होऊ पाहणाऱ्या गेवराईच्या मुलांना पुण्या-मुंबईचे झगमगीत कॅम्पस खुणावतात. मात्र, व्यावसायिक वैमानिकाचा परवाना विद्यापीठ नव्हे, डीजीसीए देते. त्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. नुसत्या पदवीने ते भरत नाही. मोठ्या विमानतळांवर प्रवासी विमानांची गर्दी असते. गोंदियाजवळचे बिरसी किंवा उत्तर प्रदेशातील फुरसतगंज इथे सरावाला आकाश मोकळे मिळते. तिथे शहरी करमणूक कमी, हे खरे. पण प्रशिक्षण रेंगाळले, की एकटेपणाही वाढतो अन् कर्जाचे व्याजही. म्हणून प्रवेशाआधी तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा: महिन्याला किती तास उडता? वसतिगृहात सोबत कशी आहे? आणि जमीन विकण्याआधी मुलाची वैद्यकीय तपासणी करून घ्या.