सिस्टिक फायब्रोसिस : वयस्क रुग्णांपुढे केंद्रनिवडीचा प्रश्न

सिस्टिक फायब्रोसिस हा दीर्घकाळ केवळ बालरोग म्हणून ओळखला गेला. न्यूयॉर्कमधील डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा या आजाराची मुले शाळेच्या वयापर्यंतही क्वचितच पोहोचत. आज अमेरिकेतील या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक १८ वर्षांवरील आहेत. वैद्यकशास्त्राचे हे मोठेच यश होय. परंतु या यशातून एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. बालरोग विभागाचा निरोप घेतल्यानंतर या रुग्णांनी उपचारांसाठी कोणते केंद्र निवडावे?

हा आजार आनुवंशिक आहे. १९८९ मध्ये शोध लागलेल्या सीएफटीआर या जनुकातील दोषामुळे शरीरातील स्राव घट्ट आणि चिकट होतात. फुफ्फुसांत कफ साचून वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि स्वादुपिंडातील पाचकरस आतड्यापर्यंत पोहोचत नसल्याने अन्न नीट पचत नाही. वय वाढते तसे आजाराचे स्वरूपही पालटते. मधुमेह, हाडांची ठिसूळता, यकृताचे विकार आणि पुरुषांमधील वंध्यत्व हे प्रश्न प्रामुख्याने वयस्कांपुढे येतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोकाही अधिक असल्याने त्याची तपासणी चाळिशीतच सुरू करावी, असे अमेरिकेतील तज्ज्ञ सुचवतात. त्यामुळे वाढलेल्या वयाचा लहान मुलगा, या दृष्टीने वयस्क रुग्णाकडे पाहून चालत नाही.

अमेरिकेतील सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशन या संस्थेची स्थापना १९५५ मध्ये झाली. संस्थेने मान्यता दिलेल्या केंद्रांची संख्या आज १३० च्या वर आहे. फुफ्फुसरोगतज्ज्ञ, परिचारिका, आहारतज्ज्ञ, श्वसनोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक यांचे एकत्रित पथक हा या केंद्रांचा कणा होय. रुग्णाने साधारणपणे दर तीन महिन्यांनी यावे, फुफ्फुसांची क्षमता मोजून घ्यावी आणि कफाची तपासणी करावी, अशी तेथील पद्धत आहे.

मात्र सर्व मान्यताप्राप्त केंद्रे सारखीच असतात का, हा प्रश्न अनेक वर्षे जाहीरपणे विचारला जात नव्हता. २००४ च्या डिसेंबरमध्ये शल्यविशारद आणि लेखक डॉ. अतुल गावंडे यांनी एका गाजलेल्या लेखातून तो ऐरणीवर आणला. गावंडे यांचा जन्म अमेरिकेतील, परंतु त्यांचे घराणे मूळचे विदर्भातील. २००३ मध्ये या रुग्णांचे अपेक्षित आयुर्मान देशभरात ३३ वर्षे असताना सर्वोत्तम केंद्रात ते ४७ वर्षांहून अधिक होते, हे त्यांनी निदर्शनास आणले. औषधे तीच, मार्गदर्शक तत्त्वेही तीच आणि तरीही आयुष्यात चौदा वर्षांचे अंतर!

हे अंतर कशामुळे पडते, याचे उत्तर मिनियापोलिस येथील डॉ. वॉरन वॉरविक यांच्या साध्या गणितात मिळते. उपचार न घेतल्यास एखाद्या दिवशी प्रकृती न बिघडण्याची शक्यता ९९.५ टक्के आणि घेतल्यास ९९.९५ टक्के धरावी. एका दिवसाचा हा फरक नगण्य वाटतो. मात्र संपूर्ण वर्ष निरोगी राहण्याची शक्यता पहिल्या स्थितीत १६ टक्के, तर दुसऱ्या स्थितीत ८३ टक्के ठरते. थोडक्यात, उत्तम केंद्र हे एखाद्या अद्भुत उपचारामुळे ओळखले जात नाही. फुफ्फुसांच्या क्षमतेतील किरकोळ घटही मान्य न करण्याच्या वृत्तीमुळे ते वेगळे ठरते.

पुढे २००६ मध्ये फाउंडेशनने केंद्रनिहाय आकडेवारी सर्वांसाठी खुली केली. रुग्ण कमी गुणांकनाच्या केंद्रांकडे पाठ फिरवतील, अशी भीती व्यक्त होत होती. सिनसिनाटी येथील बालरुग्णालयाचा अनुभव मात्र वेगळा ठरला. आपली कामगिरी सामान्य असल्याचे त्याने रुग्णांच्या कुटुंबीयांना आधीच प्रांजळपणे सांगितले होते, तरीही एकही कुटुंब केंद्र सोडून गेले नाही. उणीव कबूल करून ती दूर करणारे केंद्र विश्वासास पात्र ठरते, हा त्याचा अर्थ.

आकडेवारीलाही मर्यादा आहेत. अतिशय गंभीर रुग्ण स्वीकारणाऱ्या केंद्राची सरासरी खालावते. थोडे रुग्ण असलेल्या केंद्राचे आकडे दरवर्षी हेलकावे खातात. त्यामुळे आकड्यांबरोबर इतर निकषही पाहावे लागतात. वयस्कांसाठी स्वतंत्र पथक आहे का? प्रकृती अचानक बिघडल्यास किती वेळात भेट मिळते? मधुमेहतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि फुफ्फुस प्रत्यारोपण केंद्र यांच्याशी समन्वय आहे का? जंतूंचा प्रसार रुग्णांमध्ये परस्परांत होऊ शकतो; म्हणून रुग्णांनी एकमेकांपासून किमान सहा फूट अंतर राखावे, असा दंडक २०१३ पासून लागू आहे. प्रतीक्षाकक्षात तो पाळला जातो की नाही, एवढ्यावरूनही केंद्राची शिस्त कळते. शिवाय घरापासूनचे अंतर, नोकरीतील रजा आणि विमा कंपनीची मान्यता यांचा मेळ बसावा लागतो. दूरचे सर्वोत्तम केंद्र वर्षातून एकदाच गाठता येत असेल, तर जवळचे चांगले केंद्र अधिक उपयोगी पडते.

भारतात चित्र निराळे आहे. येथे निवड करण्यापूर्वी निदान होणे हाच पहिला अडथळा आहे. हा आजार भारतीयांत नसतोच, या जुन्या समजुतीमुळे अनेक रुग्णांवर दमा किंवा क्षयरोग समजून उपचार होत राहतात. घामातील क्षाराची चाचणी साधी असली, तरी ती विश्वासार्हपणे करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्याच आहेत. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि वेल्लोरचे ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय येथे या आजाराचा दीर्घ अनुभव आहे. परंतु त्याची जडणघडण मुख्यतः बालरोग विभागांत झाली. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणाला पुढे कोणाकडे जावे, याचे ठाम उत्तर बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात या आजाराचा समावेश आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयासह निवडक उत्कृष्टता केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद २०२२ मध्ये करण्यात आली. मात्र २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या आणि अनेक रुग्णांचे आयुष्य पालटून टाकणाऱ्या तीन घटकांच्या औषधाची तेथील मूळ किंमतच वर्षाला तीन लाख डॉलरहून अधिक होती. रुपयांत ही रक्कम अडीच कोटींच्या घरात जाते. औषध आयुष्यभर घ्यावे लागते, हे ध्यानात घेता साहाय्य किती अपुरे आहे, ते स्पष्ट होते. शिवाय हे औषध विशिष्ट उत्परिवर्तनांवरच गुणकारी असून त्यांपैकी सर्वांत परिचित उत्परिवर्तन भारतीय रुग्णांत पाश्चात्त्यांच्या तुलनेत कमी आढळते.

अशा स्थितीत भारतीय रुग्णाला व्यवहार्य मार्ग एकच उरतो. अनुभवी केंद्राशी नाते कायम ठेवून गावातील एका डॉक्टरला उपचारात सहभागी करून घेणे आणि बालपणापासूनची सर्व कागदपत्रे, जनुकचाचणीचा अहवाल व कफतपासणीचे निष्कर्ष स्वतःजवळ बाळगणे. परंतु ही तडजोड कायमची मानता येणार नाही. वयस्कांसाठी स्वतंत्र चिकित्सालये आणि राष्ट्रीय रुग्णनोंदणी यांवाचून कोणते केंद्र चांगले, हे येथे कोणालाही सांगता येणार नाही. मुलांना तारुण्यापर्यंत पोहोचवणाऱ्या व्यवस्थेने त्यांना तेथेच एकटे सोडून देणे योग्य नव्हे.