फूल, दोन पानं आणि आयर्लंड

24 ऑक्टोबर 2025 ला आयर्लंडने नवा राष्ट्राध्यक्ष निवडला. स्कॉटलंडच्या संसदेची निवडणूक मे 2026 मधली. दोन्हीकडे एकच हिशेब चालतो: अमुक पक्ष वाढला, म्हणजे आयर्लंडचं एकीकरण जवळ आलं, तमुक आपटला, म्हणजे स्कॉटलंडचं स्वातंत्र्य लांबलं. आम्हाला हा हिशेब मान्य नाही. गोव्यात 1963 साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला तो महाराष्ट्रात विलीनीकरणाची मागणी घेऊनच. पण 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या 'फुला'ला 1,38,170 मतं पडली आणि विरोधातल्या 'दोन पानां'ना 1,72,191. गंमत पुढेच आहे. दोनेक महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि भाऊसाहेब बांदोडकरांचा हाच पक्ष पुन्हा सत्तेवर आला. शाळेसाठी, कुळाच्या जमिनीसाठी ज्याला मत दिलं, त्याच्या नकाशालाही मत द्यायलाच हवं असं त्या मतदाराला वाटलं नाही. स्कॉटलंडनेही 2014 मध्ये स्वातंत्र्य नाकारलं आणि वर्षभरात स्वातंत्र्यवादी एसएनपीला वेस्टमिन्स्टरच्या 59 पैकी 56 जागा देऊन टाकल्या.

उत्तर आयर्लंडमध्ये 2022 च्या विधानसभा निवडणुकीत एकीकरणवादी शिन फेन पहिल्या क्रमांकावर आला तेव्हा आता एकीकरण दारात उभं आहे अशी हवा झाली. प्रत्यक्षात त्याच्या जागा 2017 इतक्याच, 27, होत्या. ब्रिटनमध्येच राहू पाहणारा डीयूपी 28 वरून 25 वर घसरला, एवढंच. एसडीएलपी धरून एकीकरणवाद्यांची बेरीज तर 39 वरून 35 वर उतरली. खरी वाढ झाली अलायन्सची, 8 वरून 17; आणि हा पक्ष सीमेच्या प्रश्नावर कुठलीच बाजू घेत नाही. दक्षिणेत शिन फेनची पहिल्या पसंतीची मतं 2020 मधल्या 24.5 टक्क्यांवरून 2024 मध्ये 19 वर आली. 2020 मधल्या त्या लाटेमागे सीमेपेक्षा घरभाडं अधिक होतं, हे डब्लिनमध्ये घर शोधलेल्या कुणालाही पटावं.

यावर कुणी 1918 दाखवील. तेव्हा शिन फेनने 105 पैकी 73 जागा जिंकल्या आणि त्या बळावरच पुढच्या जानेवारीत पहिली डॉल, म्हणजे आयरिश संसद, भरली. खरं आहे, पण तेव्हा वेगळा कौल घ्यायची सोयच नव्हती. 1998 च्या गुड फ्रायडे कराराने ती केली. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. उत्तरेत कौल घ्यायचा की नाही हे लंडनचा मंत्री ठरवतो, बहुमत एकीकरणाकडे झुकेल असं त्याला 'वाटलं' तर. आणि कशावरून वाटावं हे करारात कुठेच लिहिलेलं नाही. मग जागा मोजण्यावाचून पर्याय काय? तर तो निकष लिहून घेणं हाच. कॅथलिक म्हणजे एकीकरणवादी असं धरून जनगणनेतला त्यांचा टक्का मोजल्याने ती गरज भागत नाही. निकाल फिरणार आहे तो अलायन्सच्या मतदारावर, आणि त्याचा प्रश्न ध्वजाचा नाही. बेलफास्टमध्ये तो डॉक्टरकडे फुकट जातो. सीमेपलीकडे, मोफत भेटीचं सरकारी कार्ड नसेल, तर त्याच भेटीचे पन्नास-साठ युरो मोजावे लागतात. ते कोण भरणार, हे त्याला अजून कुठल्याही पक्षाने नीट सांगितलेलं नाही.